डायल उड्या मारते, बटणं दाद देत नाहीत: एचएफ सेटचं फ्रंट पॅनल खोलण्याआधी आणि खोलल्यावर

पावसाळा सरत आला की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या टेबलांवर हा आजार हमखास दिसतो. उन्हाळ्यात धड चालणारा एचएफ (लघुलहरींवर बोलायचा-ऐकायचा) सेट सप्टेंबरात डायल फिरवली की भलतीकडेच जातो. कोकणपट्टीवर आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे, तर देशावर धुळीमुळे, पण गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: फ्रंट पॅनल. आणि मग हातात पहिली वस्तू येते ती स्प्रेची बाटली. पॅनलचं खरं नुकसान बहुतेक वेळा त्या बाटलीनेच होतं, कारण पॅनलवरचे पाच-सहा प्रकारचे भाग वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष असतं.

इथलं वर्णन १३.८ व्होल्टवर चालणाऱ्या, १०० वॉटच्या आसपासच्या आयकॉम, येसू, केनवुड जातीच्या सेटांना धरून आहे. स्क्रू कुठे आहेत ते मॉडेलप्रमाणे बदलतं, आतले भाग साधारण तेच असतात.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते कागदावर लिहा. "पॅनल खराब" एवढ्यावर काहीच ठरत नाही.

- मुख्य डायल सावकाश एका दिशेला फिरवतानाही आकडा पुढे जाऊन मागे येतो किंवा जागच्या जागी थरथरतो.
- टकटक फिरणारा छोटा नॉब दोन-तीन खाचा फिरला तरी मेन्यू हलत नाही, मग एकदम दोन पायऱ्या उडी मारतो.
- आवाजाचा नॉब फिरवला की खरखर येते, किंवा एका ठरावीक जागी आवाज गायब होतो.
- बटण जोरात दाबल्याशिवाय चालत नाही.
- एक बटण दाबलं की शेजारच्याचंच काम होतं.
- डिस्प्लेवरच्या आकड्यांचा एखादा दांडा गायब असतो, पॅनलवर बोट दाबलं की परत येतो.
- कशालाही हात न लावता फ्रिक्वेन्सी एका दिशेने धावत सुटते.
- नॉबचं रबर चिकट झालंय, हाताला काळं लागतं.

यातली शेवटून दुसरी तक्रार घेऊन पॅनल खोलणारे पुष्कळ. त्यात पॅनलचा दोष क्वचितच असतो.

एकही स्क्रू न काढता

माइक काढा. एवढंच करा आणि दहा मिनिटं सेट चालू ठेवा. हातातल्या माइकवर वर-खाली जाण्याची बटणं असतात. त्यातलं एखादं घामाने, धुळीने आत अडकून बसलं की सेटला वाटतं कुणीतरी ते सतत दाबून धरलंय. फ्रिक्वेन्सी धावायची थांबली तर दुरुस्ती माइकची आहे, सेटची नाही.

तेवढ्याने थांबली नाही तर कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढा. लॉगिंगचा प्रोग्राम सेटला सतत फ्रिक्वेन्सी विचारत आणि सांगत असतो. दोन प्रोग्राम एकाच पोर्टवर भांडत असतील तर डायल फिरवून सोडली की आकडा परत जुन्या जागी येतो. अगदी एन्कोडर (नॉबमागचा, त्याचं फिरणं मोजणारा भाग) गेल्यासारखं दिसतं.

मग लॉक. डायल लॉकचं बटण धक्क्याने दाबलं जातं आणि डिस्प्लेवरचं त्याचं चिन्ह बारीक असतं. आरआयटी (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवणारी सोय) चालू असेल, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी झाला असेल, ट्यूनिंगची पायरी १० हर्ट्झवरून १ किलोहर्ट्झवर गेली असेल, तर सेट "बिघडल्यासारखा" वागतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पाचेक मिनिटं घालवून सगळं तपासा.

आता एक महत्त्वाचा प्रश्न: गोंधळ फक्त ट्रान्समिट करताना होतो का? डिस्प्ले विझतो, बटणं आपोआप दाबल्यासारखी वागतात, फ्रिक्वेन्सी उडते, आणि माइकचं बटण सोडलं की सगळं शांत. ही घाण नाही. एकतर अँटेनाच्या केबलवरून आरएफ, म्हणजे ट्रान्समिट केलेली रेडिओ ऊर्जा, परत शॅकमध्ये (सेटच्या खोलीत) येतंय किंवा व्होल्टेज कोसळतंय. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. त्रास गेला तर उपाय केबलवर लावायच्या, आरएफ अडवणाऱ्या चोकमध्ये आणि अर्थिंगमध्ये आहे. डमी लोडवरही त्रास राहिला तर पूर्ण पॉवरवर ट्रान्समिट करत सेटच्या मागच्या डीसी प्लगपाशी मल्टीमीटर लावा, पॉवर सप्लायच्या टोकाशी नको. उत्पादक बहुधा १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली-वर इतकी सूट देतात, म्हणजे ११.७ च्या खाली गेलं की सेटचा मेंदू गडबडणारच. वायर बारीक आहे, प्लगची पिन काळी पडलीय किंवा फ्यूजहोल्डर तापतोय, यापैकी काहीतरी सापडेल.

डायल नुसती जड किंवा सैल वाटत असेल तर तिचा ताण कमी-जास्त करायची सोय बाहेरूनच असते: काही सेटांत डायलखाली लिव्हर किंवा स्क्रू, काहींत नॉबचा आतला भाग धरून बाहेरचा फिरवायचा. माहितीपुस्तक बघा.

सेट रीसेट करणं यादीत शेवटी ठेवा. मेमरी आणि मेन्यूची सगळी मूल्यं पुसली जातात, म्हणून ती आधी उतरवून घ्या. रीसेट करून पाहण्याचं कारण इतकंच की मेन्यूतल्या एखाद्या विसरलेल्या सेटिंगमुळे बटणाचं काम बदललेलं असू शकतं.

एक अपवाद इथेच सांगून ठेवतो. केनवुड टीएस-४४०एस मध्ये आकड्यांच्या जागी नुसते ठिपके दिसत असतील तर ती डिस्प्लेची किंवा पॅनलची तक्रार नाही. पीएलएलचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी स्थिर धरणाऱ्या सर्किटचं, लॉक सुटलंय. त्यातल्या व्हीसीओवर (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागावर) ओतलेला गोंद वर्षानुवर्षांनी वाहक बनतो, तो त्यामागचा नेहमीचा गुन्हेगार. पॅनल कितीही साफ केलं तरी ठिपके जाणार नाहीत. येसू एफटी-८५७ आणि ८९७ च्या डिस्प्लेवर झेब्र्यासारखे पट्टे उमटतात, तेही स्वच्छतेने बरे होत नाहीत. डिस्प्लेचा भागच बदलावा लागतो.

फुकटातला उपाय

सेट बंद करा, डीसी प्लग काढा. आवाज, स्क्वेल्च, आरएफ गेन, जे जे पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर) आहेत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. टकटक नॉब दोन्ही दिशांना तितकाच. प्रत्येक बटण पन्नास वेळा दाबा. महिनोन्‌महिने न फिरवलेल्या संपर्कावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तो घासला जातो. बराच काळ पडून राहिलेला सेट एवढ्याने सुधारतो. सुधारणा दोन-तीन दिवसांत विरली तर संपर्क खरोखर मळलेत किंवा झिजलेत आणि खोलण्याला पर्याय नाही.

खोलण्याआधी

तीन प्रकारच्या सेटांना हात लावण्याआधी थांबा.

पहिला प्रकार, जुने ट्यूबवाले हायब्रिड सेट: येसू एफटी-१०१, केनवुड टीएस-५२० आणि त्यांची भावंडं. आत सहाशे-आठशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. हाय व्होल्टेज कसं उतरवायचं हे ज्याला शिकवलेलं नाही त्याने कव्हर काढू नये. मुख्य वीज थेट आत घेणारे मोठे सेट याच रांगेत.

दुसरा, आयकॉमचे आयसी-७५१, आयसी-७४५, आयसी-२७१ आणि आर-७१ रिसीव्हर. यांचा चालवण्याचा प्रोग्रामच बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या रॅममध्ये असतो. खोलताना ती बॅटरी सुटली किंवा तिला शॉर्ट लागला की सेट मेला. नुसती मेमरी जात नाही, सेटच जातो.

तिसरा, रंगीत पडद्याचे काही जुने सेट, ज्यांच्या पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट ट्यूब असते. तिला वीज देणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटवर चालू सेटमध्ये शेकडो व्होल्ट असतात. वीज काढलेली असताना काम करता येतं, पण पॅनल उघडं ठेवून सेट चालू करून बोटं घालू नका.

आता सामान. सगळ्यात महत्त्वाचा स्क्रूड्रायव्हर. जपानी सेटांचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरला नीट बसत नाहीत. जेआयएस मापाची खाच वेगळी असते. फिलिप्स लावला की तो वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा बारीक ठिपका असतो. १ आणि २ नंबरचे दोन जेआयएस ड्रायव्हर घ्या, ऑनलाइन मिळतात, आणि पुढची वीस वर्षं पुरतात. शिवाय १.५ आणि २ मिमीची अ‍ॅलन की, पॉटच्या नटांसाठी १० ते १२ मिमीचे बॉक्स पाने, प्लास्टिकची पातळ पट्टी, चिमटा, मऊ रंगाचा ब्रश, हाताने दाबायचा कॅमेऱ्याचा ब्लोअर. कंप्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज तयार होते.

रसायनांत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. सर्जिकल स्पिरिटमध्येही तेलकट भर असू शकते. धातूच्या संपर्कांसाठी डीऑक्सिट या संपर्क साफ करायच्या स्प्रेचा डी-५, कार्बनच्या पट्टीवर फिरणाऱ्या पॉटसाठी त्याच घराण्यातला एफ-५. साधा डब्ल्यूडी-४० गंजलेल्या बिजागरीला ठेवा. आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक बाटली, त्याचं काम पुढे येईल.

मनगटाला लावायचा अर्थिंगचा पट्टा वापरा. पावसाळ्यात दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, पण हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सिंथेटिक स्वेटर घालून बसलात तर एका ठिणगीत प्रोसेसर जाऊ शकतो.

मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधून पॅनलच्या सुट्या भागांचं चित्र समोर ठेवा. ते मिळालं नाही तर प्रत्येक पायरीचा फोटो काढा.

खोलणं

डीसी प्लग, अँटेना, माइक, मोर्सची की, सगळं काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. सेटच्या आत प्लगपर्यंतची वायर जिवंतच असते, आणि २० अँपिअर देऊ शकणाऱ्या सप्लायला ड्रायव्हरचं टोक लागलं तर बोर्डावरची तांब्याची रेघ क्षणात उडते.

मुख्य डायलच्या नॉबला बहुधा बाजूने अ‍ॅलनचा ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू असतो, कधी तो रबराच्या कडीखाली लपलेला असतो. तो दोन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. बाकीचे नॉब सरळ ओढून निघतात. पक्कड लावू नका आणि एका बाजूने ड्रायव्हर घालून उचकटू नका, आतला दांडा वाकतो. नॉबच्या मागे बुटाची नाडी किंवा सुती पट्टी घाला, दोन्ही टोकं धरून समोर ओढा. एकात एक असलेल्या जोडनॉबमध्ये आधी पुढचा, मग मागचा.

वरचं कव्हर उचलताना थांबा, त्याला बहुतेक वेळा स्पीकर असतो आणि त्याची दोन वायरींची जोडणी आत असते. झटक्यात उचललं तर वायर तुटते. पुष्कळ टेबलावरच्या सेटांत पॅनलच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रू असतात: वरचे दोन काढायचे, खालचे दोन सैल करायचे, की पॅनल दारासारखं पुढे झुकतं. वेगळं होणाऱ्या पॅनलचे सेट याहून सोपे.

स्क्रू एका वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर सेटची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला की तो मागच्या बोर्डात घुसतो, असे सेट पाहण्यात येतात.

चपट्या रिबन केबलच्या कनेक्टरवर सगळ्यात जास्त अपघात होतात. त्याचे तीन प्रकार: नुसता दाबून बसणारा, ज्यातून रिबन सरळ ओढायची, दोन्ही कानांनी एक-दीड मिमी बाहेर सरकणारं कुलूप असलेला, आणि वर उचलायची बारीक झडप असलेला. कुलूप न उघडता रिबन ओढली तर रिबनच्या टोकाचे संपर्क सोलून निघतात. कोणता प्रकार आहे ते भिंगाने बघितल्याशिवाय हात लावू नका. रिबनची निळी बाजू कुठे होती याचा फोटो घ्या.

कोणतीही गोष्ट ताकद मागत असेल तर एखादा स्क्रू राहिलाय. तो शोधा.

नॉब, बाहेरचं कवच, काच

नॉब आणि सुटं झालेलं प्लास्टिकचं कवच कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मऊ टूथब्रशने घासा. पॅनलवरच्या अक्षरांवर आयपीए लावू नका, छपाई निघते. नॉबवरच्या पांढऱ्या खुणांचंही तेच.

डिस्प्लेसमोरची काच ही काच नसून अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असते. अ‍ॅसिटोन, थिनर, अमोनियाचा काच-क्लीनर यांनी तिच्यावर धुकं येतं आणि कडांना तडे जातात. अ‍ॅक्रिलिकला आयपीएनेही जाऊ शकतात. साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर, बस्स.

चिकट झालेलं रबर हा मळ नसतो, वरचा मऊ लेप विघटित होत असतो. कडी सुटी होत असेल तर साबणाने धुऊन टाल्कम पावडर चोळा. नॉबवर लेपच असेल तर पांढरी खूण टाळून आयपीएने पूर्ण पुसून काढा, खालचं कडक प्लास्टिक कायम टिकतं. सुकवण्यासाठी उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर रात्रभर ठेवा. तांदळात पुरण्याची युक्ती सोडा, तांदळाची भुकटी पुढच्या तक्रारीचं बी असतं.

बटणं

दोन जाती. पहिली, एकसंध रबरी चादर, जिच्या प्रत्येक बटणामागे काळी कार्बनची टिकली असते आणि ती बोर्डावरच्या कंगव्यासारख्या रेघांवर टेकते. जुनं सिलिकॉन रबर वर्षानुवर्षांनी तेल पाझरतं. बोर्डावर पारदर्शक चिकट थर दिसतो तो हाच. म्हणून "जोरात दाबलं की चालतं".

चादर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग टिकल्यांवरून आयपीएचा ओलसर कापूस एकदाच हलका फिरवा. घासाल तर कार्बन निघेल. बोर्डावरच्या रेघा सोनेरी असतील तर आयपीएने मोकळेपणी पुसा. काळ्या असतील तर तोही कार्बनचा लेप आहे, नुसतं टिपायचं, खोडरबर लावायचं नाही.

मल्टीमीटरची दोन्ही टोकं टिकलीवर दोन-तीन मिमी अंतराने हलकी टेकवा. शंभर-दोनशे ओहमच्या आत असेल तर टिकली ठणठणीत. हजाराच्या पुढे गेली तर साफसफाईचा फायदा तात्पुरता. मग वाहक कार्बन पेंट किंवा नवीन चिकटवायच्या टिकल्या लावाव्या लागतात. पेन्सिलीचं ग्राफाइट चोळण्याची युक्ती काही आठवडे चालते, नंतर तीच भुकटी दोन रेघांमध्ये शॉर्ट करते. टिकलीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवण्याचाही उपयोग नाही, त्यावर ऑक्साइड चढतो.

दुसरी जात म्हणजे टिक आवाज करणारे चार पायांचे छोटे टॅक्ट स्विच. रिबन काढलेली असताना कर्णातल्या दोन पायांवर मीटर लावून दाबा. चांगला स्विच जवळपास शून्य दाखवतो. पाच-दहा ओहम किंवा दर वेळी वेगळा आकडा आला तर तो गेलाय. इथेच "एक दाबलं की दुसऱ्याचं काम" याचं उत्तर आहे. पुष्कळ सेटांत बटणं रेझिस्टरच्या शिडीवर असतात. प्रत्येक बटणाने वेगळं व्होल्टेज तयार होतं आणि प्रोसेसर त्यावरून बटण ओळखतो. मळक्या संपर्काचा रेझिस्टन्स त्यात मिसळला की व्होल्टेज शेजारच्या बटणाच्या हद्दीत सरकतं. प्रोसेसर बिघडल्याचा निष्कर्ष काढण्याआधी हे तपासा.

स्विचच्या दांड्याच्या कडेला सुईने डी-५ चा एक थेंब, पन्नास वेळा दाबा. परत त्रास दिला तर बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे स्विच सहज मिळतात, मात्र पायांमधलं अंतर आणि दांड्याची उंची जुन्या स्विचवरून मोजून न्या. अर्ध्या मिमीने उंच स्विच लावला तर बटण कायमचं दाबलेलं राहतं.

एन्कोडर

आधी कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. चुकीचा अंदाज इथे महागात पडतो.

यांत्रिक एन्कोडरला साधारण तीन संपर्क असतात: अ, ब आणि सामाईक. फिरताना अ आणि ब पाव चक्र पुढे-मागे जोडले जातात, कोण आधी आलं यावरून सेटला दिशा कळते. मळामुळे एक संपर्क चुकला किंवा थरथरला की दिशाच उलटी मोजली जाते. म्हणून आकडा पुढे जाऊन मागे येतो. ऑप्टिकल एन्कोडरमध्ये बारीक फटींची चकती एलईडी आणि सेन्सरच्या मधून फिरते, आणि त्याला पुरवठ्याची आणि ग्राउंडची वायर धरून चार जोडण्या असतात. खाचांशिवाय लोण्यासारखी फिरणारी मोठी डायल बहुधा ऑप्टिकल, टकटक नॉब बहुधा यांत्रिक.

ऑप्टिकलमध्ये कसलाही स्प्रे मारायचा नाही. द्रव सुकल्यावर चकतीवर पातळ पडदा राहतो आणि थोडा उडी मारणारा एन्कोडर पूर्ण आंधळा होतो. ब्लोअरने हवा, फार तर उघडता येत असेल तर कोरड्या मऊ ब्रशने चकतीची धूळ. त्याने भागलं नाही तर ऑसिलोस्कोपवर दोन्ही लहरी बघाव्या लागतात. स्कोप नसेल तर इथे थांबा.

यांत्रिकसाठी दांड्याच्या फटीतून किंवा पायांजवळच्या भोकातून इंजेक्शनच्या सुईने डी-५ चे एक-दोन थेंब. त्याहून जास्त नाही, कारण दांड्यातलं घट्ट ग्रीस विरघळून संपर्कांवर उतरतं आणि नॉब सैल, निर्जीव फिरायला लागतो. दोन्ही दिशांना पन्नास-साठ फेरे, तासभर सुकू द्या. सामाईक आणि अ यांच्यात मीटर लावून सावकाश फिरवा: जोडलेल्या जागी दोन-चार ओहमच्या आत यायला हवं. शंभर दाखवत असेल किंवा महिन्याभरात तक्रार परतली तर आतली पट्टी झिजलीय, नवीन लागेल. एका फेऱ्यातल्या खाचांची आणि पल्सची संख्या, दांड्याची लांबी, सपाट बाजूची दिशा, हे चारही जुळले पाहिजेत. दोन बाजूंच्या बोर्डातून सगळे पाय काढायला सक्शन पंप आणि हाताची सवय लागते. पाय निघत नाही म्हणून ओढलात तर भोकातलं तांबं बाहेर येतं.

पॉट

खरखरणाऱ्या पॉटमध्ये एफ-५ चा छोटा फवारा, मग वीस-तीस फेरे. निव्वळ आयपीए घातलं तर ग्रीस धुऊन जातं आणि कार्बनची पट्टी कोरडी घासत राहते. साफ केल्यावर रिबन काढून मधल्या आणि टोकाच्या पायावर मीटर लावा. आकडा गुळगुळीत चढायला हवा, मध्येच उडी म्हणजे पट्टी तुटलीय.

पट्टी चांगली, सफाईही झाली, तरी फिरवताना खरखर? तेव्हा पॉटवर डीसी येतंय का ते पाहा. आधीचा कपलिंग कपॅसिटर गळका झाला की असं होतं. पॉट बदलून हा आवाज जात नाही.

डिस्प्ले

दाबलं की परत येणारा दांडा म्हणजे बहुधा झेब्रा पट्टी. ही रबराची पट्टी आहे, वाहक आणि अवाहक थर आलटून-पालटून, एलसीडीची काच आणि बोर्ड यांच्यात दाबून बसवलेली. सोल्डर नसतं, सगळा भार नुसत्या दाबावर. पॅनलचे स्क्रू सैल झाले असतील तर ते समान कसून आधी बघा, निम्मं काम तिथेच होऊन जाऊ शकतं.

नाही झालं तर धातूच्या चौकटीचे पिळलेले कान सरळ करा. हे कान दोन-तीन वेळाच वाकतात, मग तुटतात, तेव्हा एकदा उघडलं की सगळं नीट करूनच बंद करायचं. पट्टीला चिमट्याने टोकांना धरा. तिच्या दोन्ही कडा, बोर्डावरच्या रेघा आणि काचेची पारदर्शक कड आयपीएने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. काचेवरच्या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत पण असतात, तिथे काही खरवडू नका. पट्टी अगदी सरळ बसली पाहिजे.

काचेतून पट्टीऐवजी पातळ लवचिक रिबन निघत असेल आणि ती उष्णतेने चिकटवलेली असेल, तर लांबच राहा. तिला सोल्डर लागत नाही, आणि ओढली की सुटते.

मीठ

किनाऱ्यावरच्या सेटांत बोर्डावर हिरवट-पांढरे डाग असतात. इथे आयपीए फसवतं: मीठ त्यात जवळपास विरघळत नाही, नुसतं पसरतं. पाण्यातच विरघळतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या ब्रशने डाग धुवा, कापसाने टिपा, मग पाणी हाकलण्यासाठी आयपीए, मग चोवीस तास सुकवणं. नळाचं पाणी नको, त्यात स्वतःचे क्षार असतात. डिस्प्ले, ऑप्टिकल एन्कोडर आणि स्पीकर या धुण्यापासून दूर ठेवा.

परत जोडताना

रिबन सरळ आत, कुलूप दोन्ही बाजूंनी सारखं बंद. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा. टक करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा कसा. तसं न करता कसला तर नवा आटा कापला जातो आणि तिसऱ्या खेपेला पकडच राहत नाही. बटणांच्या बोर्डाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे कसा, नाहीतर एका कोपऱ्यातली बटणं हलकी आणि दुसऱ्यातली जड होतात.

कव्हर लावण्याआधी चालू करून बघा. करंट लिमिट असलेला सप्लाय असेल तर मर्यादा ३ अँपिअरवर ठेवा आणि माइकला हात लावू नका. नुसतं ऐकताना असे सेट साधारण अर्धा ते दोन अँपिअर घेतात. लगेच मर्यादेला जाऊन टेकला तर ताबडतोब बंद; रिबन तिरकी गेलीय किंवा स्क्रू आत पडलाय. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज लावायचा नाही. सगळी बटणं, दोन्ही दिशांना डायल, सगळे पॉट तपासून झाले की मर्यादा काढून डमी लोडवर ट्रान्समिट, आणि मगच कव्हर.

कुठे हात टेकावेत

उष्णतेने चिकटवलेली रिबन सुटली, बोर्डावरची रेघ उचलली गेली, प्रोसेसरच्या पायांखाली हिरवं दिसलं, सेटवर पाणी सांडून तो चालू केला गेला, किंवा साफसफाईनंतर डिस्प्ले लागतच नाही: या प्रत्येक ठिकाणी पुढचा प्रयत्न सेट अधिक बिघडवतो. ट्रान्समिट पॉवर कमी येते म्हणून पॅनलजवळचे ट्रिमर (बोर्डावरचे जुळवणीचे बारीक स्क्रू) फिरवणं हे तर कधीच नाही. फिरवलेला ट्रिमर उपकरणांशिवाय जागेवर आणता येत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे सेट देताना लक्षणांचा तो पहिला कागद बरोबर द्या, खोलताना काढलेले फोटो द्या, आणि कुठे कोणता स्प्रे मारला ते लपवू नका. ऑप्टिकल एन्कोडरवर तेलकट थर आहे हे त्याला आधीच कळलं तर तो सेन्सर बदलण्याऐवजी चकती धुण्यापासून सुरुवात करेल, आणि बिल त्याच हिशेबाने येईल.